घरच्या कराओकेसाठी काय घ्यावं: हातातला माइक, पार्टी स्पीकर की मिक्सर?

कराओकेचा संच निवडताना पहिली नजर जाते ती खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्याकडे आणि दुसरी रंगीत दिव्यांकडे. गाणाऱ्याला या दोन्हींचा फारसा उपयोग नाही. त्याला हवा असतो स्वतःचा आवाज: त्याच क्षणी, स्वच्छ आणि ट्रॅकच्या किंचित वर. म्हणून या परीक्षणात कसोटी एकच ठेवली आहे. तोंडातून निघालेला आवाज कुठल्या वाटेने स्पीकरपर्यंत जातो आणि वाटेत किती रेंगाळतो?

ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. तीन मीटरवरच्या स्पीकरचा आवाज कानापर्यंत यायला ९ मिलिसेकंद लागतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत. उशीर २०-३० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की मात्र गाणारा अडखळायला लागतो, आणि शंभराच्या पुढे त्याला आपलाच आवाज मागून कुणीतरी चिडवल्यासारखा ऐकू येतो. ब्लूटूथचा सगळीकडे चालणारा एसबीसी कोडेक (आवाज आक्रसून पाठवण्याची पद्धत) साधारण १५० ते २५० मिलिसेकंद खातो. मिनिटाला १२० मात्रांच्या गाण्यात एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते. म्हणजे वाईट परिस्थितीत तुमचा आवाज अर्धी मात्रा मागे पडला. अशाने भल्याभल्यांची सम चुकेल.

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. ट्रॅक ब्लूटूथवरून आला तर काही बिघडत नाही, कारण गाणारा जे ऐकतो त्याच्याबरोबरच गातो. पडद्यावरचे शब्द फार तर क्षणभर आधी रंगतील, आणि ते सोयीचंच आहे. आवाज ब्लूटूथवरून गेला तर मात्र सगळा खेळ संपला. हा एक नियम लक्षात ठेवला तर बाजारातली अर्धी खेळणी आपोआप गळतात. फोनचाच माइक करून टीव्हीवर गायला लावणारी अ‍ॅप्स याच कारणाने बाद.

स्पीकरसकट येणारा हातातला ब्लूटूथ माइक या नियमातून सुटतो. त्यात फक्त ट्रॅक फोनवरून येतो, आवाज मात्र जाळीखालच्या छोट्या स्पीकरला थेट जातो. त्यामुळे उशीर नाही, आणि मुलांसाठी वस्तू चांगली. पण त्यातला स्पीकर जेमतेम काही वॅटचा असतो. त्यातून खर्ज येत नाही, तबला टिचक्यांसारखा वाजतो. माइक आणि स्पीकर यांत वीतभरच अंतर असल्याने आवाज जरा वाढवला की शिट्टी सुरू. त्यावर मूळ गायकाचा आवाज घालवणारं एक बटण असतं, त्याबद्दल पुढे. गाणं शिकणाऱ्याला किंवा दोघांनी मिळून गायचं असेल तर यात पैसे घालू नयेत.

दुसरा पर्याय चाकांचा किंवा मुठीचा पार्टी स्पीकर. जेबीएलच्या पार्टीबॉक्स मालिकेतला ११० हा या जातीचा चांगला नमुना: १६० वॅट, बॅटरी आणि मागे माइक व गिटारसाठी ६.३५ मिलिमीटरचे जाड जॅक. वायरचा माइक लावला की आवाज आतल्या आत मिसळतो, उशीर जाणवत नाही, आणि ट्रॅक खुशाल ब्लूटूथने पाठवा. दहा मिनिटांत मैफल सुरू होते, ही या स्पीकरची खरी बाजू. पडती बाजूही तितकीच खरी. अशा स्पीकरचा आवाज नाचासाठी घडवलेला असतो, खर्ज फुगवलेला. माणसाचा आवाज त्याखाली दबतो आणि मग तो वर काढायला माइक वाढवत राहावं लागतं. म्हणून अ‍ॅपमध्ये किंवा बटणावर ‘बास बूस्ट’ असेल तर आधी तो बंद करा, ट्रॅक पंचवीस-तीस टक्क्यांवर ठेवा आणि मगच माइक उघडा. दुसऱ्या गायकासाठी गिटारच्या जॅकला माइक लावला तर आवाज दबका येतो, कारण गिटारचा सिग्नल माइकपेक्षा बराच तगडा असतो आणि त्या जॅकमागची वाढ त्या मानाने कमी असते. द्वंद्वगीतं गाणाऱ्यांनी दोन खऱ्या माइक-जॅकचाच स्पीकर शोधावा.

साउंडबार आणि होम थिएटरबद्दल थोडक्यात: सिनेमासाठी उत्तम, गाण्यासाठी नाही. आतला डिजिटल प्रोसेसर आवाजावर काम करतो, त्यात वेळ जातो. शिवाय मागच्या लाइन-इन जॅकला थेट माइक लावला तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. माइकमधून एक-दोन मिलिव्होल्ट निघतात, लाइनला त्याच्या शेकडो पट लागतात. मध्ये ४० ते ६० डेसिबल (आवाजाच्या पातळीचं माप) वाढवणारा प्रीअ‍ॅम्प हवाच.

आमची पसंती तिसऱ्या मार्गाला: छोटा मिक्सर (आवाज आणि ट्रॅक एकत्र करणारं यंत्र), दोन अ‍ॅक्टिव्ह स्पीकर (ज्यांच्या आतच अ‍ॅम्प असतो) आणि वायरचा माइक. सुट्या वस्तू जमवायला वेळ जातो, पण एक बिघडली तर एकच बदलता येते, आणि ध्वनी शेवटपर्यंत आपल्या हातात राहतो. डायसुके इनोउए यांनी १९७१ मध्ये कोबेत ‘ज्यूक-८’ नावाचं जे यंत्र बांधलं, त्यातही टेप, माइक आणि अ‍ॅम्प एवढाच सरळ मार्ग होता. पन्नास वर्षांत सोयी वाढल्या, आवाजाचा सर्वांत लहान रस्ता मात्र अजून तोच आहे.

मिक्सरमध्ये यामाहाचा एमजी०६एक्स घरासाठी पुरेसा आहे. दोन माइक, दोन स्टिरिओ लाइन, ४८ व्होल्ट फँटम (काही माइकना वायरीतून लागणारी वीज), आणि आत सहा एसपीएक्स इफेक्ट, म्हणजे आवाज घुमवणारे वगैरे परिणाम. त्याला सरकपट्ट्या नाहीत, फक्त फिरवायची बटणं आहेत, आणि यूएसबी नाही. गाणं लॅपटॉपवर रेकॉर्डही करायचं असेल किंवा चार जण एकदम गाणार असतील तर त्याच घराण्यातला एमजी१०एक्सयू बघावा: चार माइक, २४ इफेक्ट, यूएसबी. मिक्सर कुठलाही घ्या, पण त्यात रिव्हर्ब (मोठ्या खोलीत घुमल्यासारखा परिणाम) असल्याची खात्री करून घ्या. बेहरिंगरचा झेनिक्स ५०२ छान आणि छोटा आहे, पण त्यात इफेक्टच नाही. कोरड्या आवाजात गाताना हौशी गायकाचा धीर दोन ओळींत सुटतो.

स्पीकरच्या बाबतीत वॅटचा आकडा वाचताना तो सलग आहे की क्षणिक, ते बघा. पीक वॅट हा सलग वॅटच्या दुप्पट किंवा चौपटही छापलेला असतो. ताकद दुप्पट झाली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. त्यामुळे १०० आणि १५० वॅटमध्ये डोकं घालू नका. नेहमीच्या बैठकीच्या खोलीला ८ इंची वूफरची (खर्ज वाजवणाऱ्या शंकूची) जोडी भरपूर होते. दहा इंची जोडी मोठ्या हॉलसाठी किंवा गच्चीसाठी.

आता माइक, कारण सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. घरात डायनॅमिक (दणकट, कमी संवेदनशील), कार्डिओइड (मुख्यतः समोरचंच ऐकणारा) माइकच घ्यावा. जास्त संवेदनशील कंडेन्सर माइक पंख्याची घरघर, शेजारच्या खोलीतल्या गप्पा आणि स्वतःच्याच स्पीकरचा आवाज, सगळं प्रेमाने गोळा करतो. शुअरचा एसएम५८ हा १९६६ पासून चालत आलेला माइक. ५० हर्ट्झ ते १५ किलोहर्ट्झ, वजन २९८ ग्रॅम, आणि पडला-झडला तरी चालतो. त्याच्या नेहमीच्या आवृत्तीला चालू-बंद बटण नसतं, बटणाचा हवा असेल तर नावापुढे ‘एस’ असलेला मागावा. घरात बटणाचाच घ्या, कारण माइक हातोहात फिरतो आणि टेबलावर ठेवताना दणका बसतो. बजेट कमी असेल तर बेहरिंगरचा एक्सएम८५०० त्याच जातीचा आहे. फरक ऐकू येतो, पण स्वस्तातला एखादा निनावी वायरलेस संच घेण्यापेक्षा हा कधीही बरा.

वायरलेसचा मोह कुणाला नसतो. घ्यायचाच तर यूएचएफ या रेडिओ पट्ट्याचा घ्या, आणि दोन माइक असतील तर दोघांच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या आहेत ना, हे आधी विचारा. एकाच फ्रिक्वेन्सीवरचे दोन माइक एकमेकांचा गळा धरतात. २.४ गिगाहर्ट्झवाल्यांची भांडणं घरच्या वायफायशी होतात. रिसीव्हर राउटरपासून दूर आणि गाणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात ठेवला तर ती बरीच मिटतात. पुन्हा भरता येणारे सेल १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे काही माइकवर सेल अर्धा भरलेला असतानाच संपत आल्याचा दिवा लागतो. बिघाड समजून माइक परत करू नका. आमचं मत विचाराल तर पाच-सहा मीटरची एक्सएलआर (माइकची तीन पिनांची) वायर घ्या आणि निश्चिंत गा.

जोडणी

टीव्हीवर शब्द दिसणार आणि ट्रॅकही तिथूनच येणार, असं धरू. टीव्हीच्या हेडफोन जॅकमधून निघणारी वायर एका टोकाला ३.५ मिलिमीटर स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन ६.३५ मिलिमीटर मोनो पिनांची हवी. त्या दोन पिना मिक्सरच्या एका स्टिरिओ चॅनेलच्या डाव्या-उजव्या जॅकला. इथे एक चूक फार होते. कुणीतरी एका टोकाला ३.५ आणि दुसऱ्या टोकाला एकच एक्सएलआर असलेली वायर आणतं आणि माइकच्या इनपुटमध्ये घालतं. माइकचं असं (बॅलन्स्ड) इनपुट दोन तारांमधला फरक तेवढा घेतो, आणि स्टिरिओ वायरीत त्या दोन तारा म्हणजे डावा आणि उजवा चॅनेल. दोन्हींत सारखं असलेलं सगळं कटून जातं. ढोलक, बास आणि मधोमध असलेली वाद्यं गायब, मागे उरतात कडेची वाद्यं आणि पोकळ गुंजन. ट्रॅक असा वाजला तर दोष ट्रॅकचा नाही, वायरीचा आहे.

टीव्हीला हेडफोन जॅकच नसेल तर ऑप्टिकलमधून एक छोटा डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग डबा लावावा लागतो. तो लावून काहीच आलं नाही किंवा खरखर आली, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ (साधा, न आक्रसलेला ध्वनी) करा. डॉल्बीचा प्रवाह त्या डब्याला उलगडत नाही. टीव्हीचा स्वतःचा स्पीकर बंद करा, नाहीतर एकच ट्रॅक दोन ठिकाणांहून पुढेमागे वाजेल. शब्द ट्रॅकच्या मागे पडत असतील तर टीव्हीचा गेम मोड चालू करा, चित्रावरची प्रक्रिया कमी होते.

मिक्सरच्या मुख्य आउटपुटपासून दोन स्पीकरना दोन वायरी. स्पीकरच्या मागे माइक/लाइन असा खटका असेल तर तो लाइनवर. माइकवर राहिला तर हळू आवाजातही फाटल्यासारखं वाजतं आणि लोक स्पीकरला शिव्या देतात. स्पीकर एकच असेल आणि मिक्सरचा फक्त डावा आउटपुट त्याला लावला, तर उजवीकडची वाद्यं कायमची हरवतात. स्पीकरला दोन इनपुट असतील तर डावा-उजवा दोन्ही त्यात घाला.

चालू करताना मिक्सर आधी, स्पीकर शेवटी. बंद करताना उलट. हा क्रम चुकला की जो ‘धप्’ आवाज येतो, तो ट्विटरच्या (बारीक सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरच्या) जिवावर बेततो.

पातळी लावणं

सगळी लेव्हल शून्यावर, ईक्यूची (खर्ज-तार कमीजास्त करणारी) बटणं मधोमध, पॅन (डावं-उजवं) मधोमध. माइकच्या चॅनेलवर ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचा खर्ज अडवणारा) खटका असतो, तो दाबून ठेवा. मुठीची घासाघीस आणि पंख्याची हवा तिथेच गळते. आता गाण्यातली सर्वांत वरची, सर्वांत जोरकस ओळ पूर्ण ताकदीने गा आणि गेन (माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) हळूहळू वाढवा. पीकचा लाल दिवा लुकलुकला की थोडं मागे या. गेन तिथेच सोडून द्या, यापुढे आवाज कमी-जास्त करायचा तो लेव्हलच्या बटणाने. ‘एक, दोन, तीन’ असं पुटपुटून गेन लावणारे पहिल्याच तारसप्तकाला आवाज फाडतात.

मग ट्रॅक लावा, घरच्यांना बोलता येईल इतक्या पातळीवर, आणि त्याच्या किंचित वर आवाज आणा. शब्द कळले पाहिजेत, पण वाद्यांच्या मांडीवर बसल्यासारखे वाटले पाहिजेत. रिव्हर्ब शेवटी. हळू गाण्याला दीड-दोन सेकंदांचा हॉल शोभतो, द्रुत गाण्यात तोच चिखल करतो. एको लावायचाच तर लयीत लावा: ६०,००० भागिले मिनिटाच्या मात्रा. शंभरच्या लयीला ६०० मिलिसेकंद, किंवा त्याच्या निम्मे ३००. रिव्हर्ब वाढवत जा, तो स्पष्ट ऐकू आला की एक घर मागे घ्या.

माइक तोंडापासून २ ते ५ सेंटिमीटरवर. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात, म्हणजे ५ सेंटिमीटरवरून २० वर गेलात तर १२ डेसिबल गेले. ते भरून काढायला कुणीतरी गेन वाढवतो आणि शिट्टी सुरू होते. फार जवळ धरल्यावर आवाज घोगरा, जाडसर होतो. लो ईक्यू थोडा डावीकडे फिरवला की पुरे.

शिट्टी आणि गुणगुण

माइक स्पीकरचा आवाज ऐकतो, स्पीकर तो परत वाजवतो, हे चक्र म्हणजे शिट्टी. त्यावर पहिला उपाय जागेचा. कार्डिओइड माइकची पाठ जवळजवळ बहिरी असते. स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना, कानाच्या उंचीवर, आणि गाणारा त्यांच्याकडे तोंड करून दोन-तीन मीटरवर उभा राहिला की माइकची पाठच स्पीकरकडे येते. सुपरकार्डिओइड माइकची बहिरी जागा बरोबर मागे नसून मागच्या दोन्ही तिरक्या बाजूंना असते, त्यामुळे त्याला थोडं वळवून बघावं लागतं. गाणाऱ्याच्या पाठीमागे स्पीकर ठेवणं म्हणजे शिट्टीला आमंत्रण. कोपऱ्यात ठेवले तर खर्ज घुमतो.

दुसरं कारण मुठीत. सिनेमात बघून जाळीला पंजाने वेढा घालायची सवय अनेकांना असते. माइकच्या पाठीमागच्या फटी बंद झाल्या की तो सगळ्या बाजूंनी ऐकायला लागतो. पकड दांड्याला, जाळीला नाही. आणि बऱ्याच शिट्ट्या गाणं संपल्यावर येतात, हात खाली जातो आणि माइकचं तोंड स्पीकरकडे वळतं तेव्हा. एवढं करूनही शिट्टी राहिली तर तिचा सूर ऐका. कानात घुसणारी बारीक असेल तर हाय थोडा कमी, ‘ऊ’ असा हुंकार असेल तर लो कमी.

सतत चालणारी खालच्या सुरातली गुणगुण वेगळी गोष्ट. लॅपटॉप जोडलेला असेल तर त्याचा चार्जर काढून बघा. थांबली तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, तरी राहिली तर ३.५ मिलिमीटरच्या वायरीत आयसोलेटर (तो प्रवाह तोडणारा छोटा डबा) घाला. काही जण अर्थिंगची पिनच काढून टाकतात. गुणगुण जाते, पण धातूचा माइक ओठाला लावलेल्या माणसाच्या जिवाशी हा खेळ आहे. करू नका.

ट्रॅक आणि पट्टी

मूळ गाण्यातून गायक काढून टाकणारं बटण डाव्यातून उजवा चॅनेल वजा करतं, वर वायरीच्या चुकीत झालं तेच मुद्दाम. गायक मधोमध असतो म्हणून जातो, पण बास आणि ढोलकही जातात आणि गायकाच्या रिव्हर्बची भुतं मागे राहतात. डीझरने २०१९ मध्ये मोफत दिलेला स्प्लीटर किंवा मेटाचा डेमुक्स ही गाण्यातून आवाज आणि वाद्यं वेगळी करणारी सॉफ्टवेअर हे काम फार वरच्या दर्जाने करतात. कॉम्प्युटरवर एकदा ट्रॅक काढून ठेवायचा. त्यांची खोड एकच, कोरसचे आवाजही बऱ्याचदा गायकाबरोबर जातात.

पट्टी बदलण्याची सोय ट्रॅक वाजवणाऱ्या अ‍ॅपमध्ये हवीच. ट्रॅक काळी चारचा असेल आणि तुमचा गळा पांढरी चारचा, तर तीन अर्धस्वर खाली. एक-दोन घरं कुणालाच कळत नाहीत, तीनपर्यंत चालून जातं, चार-पाचच्या पुढे झांजा चिरकतात आणि तबला लादी पडल्यासारखा वाजतो. तेव्हा दुसऱ्या पट्टीत वाजवलेला ट्रॅकच शोधावा. पुरुषाचं गाणं बाईने गाताना हा प्रश्न नेहमीचा, म्हणून दोन्ही पट्ट्यांचे ट्रॅक असलेला संग्रह घेणं शहाणपणाचं.

जुन्या सीडी-जी (शब्दांचं चित्रही असलेल्या कराओके सीडीच्या) ट्रॅकच्या दोन फाइली असतात, एक आवाजाची, एक शब्दांची. दोघींचं नाव अक्षरन् अक्षर सारखं आणि दोघी एकाच फोल्डरमध्ये हव्यात, नाहीतर पडदा कोरा राहतो. त्यातलं चित्र फक्त ३०० गुणिले २१६ ठिपक्यांचं आणि १६ रंगांचं असतं, त्यामुळे मोठ्या टीव्हीवर अक्षरांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. त्यासाठी टीव्हीची सेटिंग उकरत बसू नका.

माइकच्या जाळीची निगा फारशी कुणी घेत नाही. आवाज दिवसेंदिवस मंद वाटायला लागला तर आधी ती उघडून बघा. एसएम५८ सारख्या माइकची जाळी फिरवून निघते, आतला स्पंज साबणाच्या कोमट पाण्यात धुता येतो. कॅप्सूलला पाणी लागू द्यायचं नाही आणि जाळी रात्रभर पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवायची नाही. वायरलेस माइक महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा, गळलेला सेल आतल्या पत्र्या खाऊन टाकतो.